सूर्याचा लेखी खुलासा

सूर्याने किती तापावं यात माझा काहीही हात नाही, असं मला एकदा सरकारी कागदावर सही करून लिहून द्यावं लागलं आहे. मराठवाड्यात असं लिहून देणारा मी बहुधा पहिलाच. लोक जामीन राहतात, दारू सोडल्याचं लिहून देतात, बायकोला नीट नांदवीन म्हणून लिहून देतात. मी सूर्याबद्दल लिहून दिलं. आणि तरीही माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, हे माझं खरं दुःख आहे.

झालं असं की, पंच्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुमारास 'सूर्यताप पाहणी मंडळ' नावाच्या पुण्याच्या एका कार्यालयाला गावोगावच्या उन्हाची मोजदाद करायची लहर आली. त्यांना हवी होती एक उघडी गच्ची आणि तिच्याखाली राहणारा एक शास्त्र शिकलेला माणूस. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचं घर लहान, पण गच्ची ऐसपैस. आणि मी, बद्रीनाथ लासूरकर, हायस्कुलात शास्त्र शिकवतो. मानधन काही नव्हतं, पण 'मानद निरीक्षक' असं छापलेलं पत्र होतं. ते मी चौकट करून दिवाणखान्यात लावलं. आमच्याकडे दिवाणखाना म्हणजे पुढची खोली.

यंत्र दिसायला गोजिरवाणं होतं. पितळी बैठक, तिच्यावर काळी चकती आणि चकतीवर काचेचा दुहेरी घुमट. ऊन पडलं की चकती तापायची, ती किती तापली हे तारेवाटे खाली पुढच्या खोलीतल्या पेटीला कळायचं, आणि पेटीतली लेखणी फिरत्या कागदावर रेघ काढत जायची. सकाळी शाळेआधी घुमट पुसायचा, संध्याकाळी रेघेवरून दिवसाचा आकडा काढायचा आणि दर आठवड्याला तक्ता पुण्याला धाडायचा, एवढंच माझं काम. मास्तरांनी गच्चीवर छोटा मकबरा बांधला, असं गल्लीने लगेच जाहीर करून टाकलं. कुणाचा, असं कुणीतरी विचारल्यावर माझ्या बायकोने, द्वारकाने, "अजून ठरायचंय" असं उत्तर दिलं.

इथे माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. मी जन्मात कधी खोटा आकडा लिहिला नाही आणि मुलांना लिहू दिला नाही. लंबकाच्या प्रयोगात एखाद्या पोराचं उत्तर हुबेहूब पुस्तकासारखं आलं, तर मी त्याचे गुण कापतो. शाळेत मला हेकट म्हणतात, मी त्याला अचूकपणा म्हणतो. घर वडिलांनी बांधलं, गच्ची त्यावर आपोआप आली. हा लौकिक तेवढा मी स्वतः कमावलेला आहे.

तर तुळशीची लग्नं उरकून थोडे दिवस झाले नाहीत तोच पुण्याचं पत्र आलं. "आपल्या केंद्रावरील काही दिवसांचे दुपारचे आकडे हे पृथ्वीच्या वातावरणाबाहेर मिळणाऱ्या सूर्यतापाहून अधिक आहेत. ही गोष्ट संभवत नाही. तरी याबाबत लेखी खुलासा करावा." मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे हवा, धूळ आणि गुलमंडीचा धूर यांतून गाळून आलेलं ऊन माझ्या गच्चीवर पोचेपर्यंत कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं. दूधवाल्याच्या हातून दूध वाढावं तसं. आणि दूध वाढलं की लोक कुणाकडे बघतात, हे काय सांगायला हवं?

समोरचे तात्यासाहेब लगेच आले. ते निजामाच्या काळी तहसिलीत उमेदवार होते आणि पोलीस ॲक्शननंतर त्याच कचेरीत तेच कागद नव्या सरकारसाठी लिहीत निवृत्त झाले. सरकारी पत्राचा वास त्यांना चहाच्या आधी येतो.

"हे बघा मास्तर," ते म्हणाले, "खुलासा मागितला की पहिलं काम, कबूल व्हायचं नाय. लिहा, सदर ऊन अर्जदाराच्या ताब्यात नाय, पूर्वी कधी नव्हतं, आणि त्याच्या घटबढीशी अर्जदाराचा काडीचा ताल्लुक नाय."

मी तसं लिहिलं. वर 'चूक कुठे आहे ते शोधून काढीनच' असं स्वतःचं एक वाक्य जोडलं. तात्यासाहेब त्या वाक्यावर नाराज झाले, कारण सरकारला कधी शब्द देऊ नये असा त्यांचा अनुभव आहे. पण मी दिला होता, आणि तिथून माझ्या घराची वाताहत सुरू झाली.

पहिला संशय बैठकीवर आला. यंत्र जरासं कलतं असेल तर दक्षिणेचं ऊन जास्त घेणार. मी पाणसळ लावून पाहिली तर यंत्र सरळ, पण गच्चीच कललेली निघाली. पाणी वाहून जायला गच्ची कललेलीच असते, असं फकिरा गवंडी मला परोपरीने सांगत होता. मी ऐकलं नाही. यंत्राखालचा कोबा फोडून सपाट ओटा घालायला लावला. ओटा सुरेख झाला. नंतर एक दिवस टाकी भरून वाहिली, ते पाणी ओट्याला अडलं, फुटलेल्या कोब्यात मुरलं आणि स्वयंपाकघरात, नेमकं पिठाच्या डब्यावर, टपकायला लागलं. आकडा जागच्या जागी राहिला.

दुसरा संशय गच्चीच्या पांढऱ्या रंगावर. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून गच्चीला आम्ही चुना देतो, सगळेच देतात. त्यावरून ऊन उसळून घुमटात शिरत असणार, अशी माझी खात्री झाली. मी यंत्राभोवतीची सगळी गच्ची डांबर आणि काजळीने काळी करून टाकली. द्वारकाला गच्चीवर धुणं वाळत घालायची बंदी केली, कारण माझी धोतरं पांढरी असतात. तिने पुढच्या खोलीत दोरी बांधली आणि माझी ओली धोतरं बरोबर त्या पेटीवर वाळत घातली. लेखणीची शाई पसरून दोन दिवसांच्या कागदावर नुसता निळा डाग उमटला. खालचा मजला थंडीच्या दिवसांत भट्टीसारखा तापू लागला आणि आमच्या घरातून कुणीही गेलं की गल्लीभर काळी पावलं उमटायची. तात्यासाहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी चोरी झाली तर चोर सापडंल मात्र."

आकडा मात्र चढलेलाच. सगळेच दिवस नाही, ही त्यातली मोठी गंमत. चार दिवस अगदी शहाण्यासारखी रेघ यायची आणि पाचव्या दिवशी दुपारी लेखणी एकदम उसळी मारायची. त्या वेळी मी शाळेत वर्गाला परावर्तनाचे नियम शिकवत असायचो, हे आता आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी रविवारी पहारा द्यायचं ठरवलं. टोपी घालून, पाण्याचा तांब्या घेऊन प्रत्येक रविवारी दुपारभर गच्चीवर बसलो. रविवारी काहीच व्हायचं नाही. सोमवारी, मी शाळेत असताना, पुन्हा उसळी.

एकदा जेवताना द्वारका म्हणाली, "तुम्ही चिडणार नसाल तर एक सांगते. आपण लग्नाचं जेवून आलो की दुसऱ्या दिवशी तुमचा सूर्य वाढतो."

मी चिडलो. मी तिला सूर्य किती लांब आहे ते सांगितलं. ती म्हणाली, लांब असला तरी पाहत असेल. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मी चोरून, शास्त्राच्या माणसाला शोभणार नाही अशा रीतीने, तात्यासाहेबांचं पंचांग मागून आणलं आणि माझे उसळीचे दिवस त्याच्याशी ताडून पाहिले. जवळजवळ प्रत्येक उसळी विवाहमुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी होती!

'जवळजवळ' म्हटलं ते अशासाठी, की काही दिवस बसत नव्हते. मुहूर्त नाही, तरी उसळी आहे. त्या आधारावर ही सगळी भाकडकथा आहे असं सिद्ध करून मी शांत झोपणार होतो, तेवढ्यात आमचे उत्तरेकडचे शेजारी नवाबभाई आले. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून, पण एक मजला उंच. लग्नाकार्याला देगा, पराती, तपेली भाड्याने द्यायचा त्यांचा पिढीजात धंदा आहे. माझ्या कागदावर नजर टाकून ते म्हणाले, "ये तारीख को तो मजीद के बेटी का निकाह था ना मास्टरसाब, शहागंज में. उस्का दूसरा दिन है ये. और ये? ये कमरोद्दीन ठेकेदार के घर का वलीमा. मैं भूल्तूं क्या?"

उरलेले सगळे दिवस त्यांनी असे निकाह आणि वलीम्याच्या, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीच्या, हिशेबाने पटापट बसवून दिले. शहरातलं प्रत्येक लग्न त्यांना तोंडपाठ होतं. ते कसं काय, हा साधा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. तो पडला नाही. मी कपाळाला हात लावून एवढाच विचार करत राहिलो, की आमच्या शहराचा सूर्य दोन्ही समाजांची लग्नं पाळतो.

आता दुसऱ्या कुणीही ही गोष्ट पोटात ठेवली असती. पण निरीक्षणात जे दिसलं ते कळवायचं, हे मी मुलांना शिकवतो. मी पुण्याला लिहिलं : "येथील सूर्यतापाची वाढ ही लग्नकार्यांच्या दुसऱ्या दिवशी होते असे दिसते. कारण अज्ञात. तपास चालू आहे." पत्र टाकून येताना मला फार हलकं वाटलं. तात्यासाहेबांनी नक्कल वाचली आणि मला पाणी दिलं.

त्या पत्राने पुण्याहून साहेब आले. उलट टपाली नव्हे. मंजुरी, भत्ता, जीप असं सगळं होईपर्यंत पौष लागला. त्या साली मोहरमही पौषाबरोबर एकाच अमावास्येनंतर सुरू झाला होता. पौषात आमच्यात लग्नं नाहीत, मोहरमात त्यांच्यात नाहीत. अख्ख्या शहरात कुणी कुणाला हार घालत नव्हतं. साहेब आमच्या पुढच्या खोलीत पेटीसमोर खुर्ची टाकून बसले, द्वारकाच्या हातचं थालीपीठ खाल्लं, आणि लेखणी इतकी देखणी, इतकी निर्दोष कमान काढत राहिली की पुस्तकात छापावी. मी आयुष्यात पहिल्यांदा अचूक रेघेकडे बघून दात-ओठ खाल्ले.

साहेबांनी जुने कागद मागवले. उसळीची रेघ खिडकीशी उजेडात धरून, उलटसुलट करून पाहिली. ती मी हाताने ओढली आहे का, हे ते बघत होते! माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर.

"मास्तर," ते सौम्यपणे म्हणाले, "आकडा मनाने वाढवायचाच तर माणसाने जरा बेताने वाढवावा. सूर्याच्या वर जाऊ नये."

"मी एकही आकडा वाढवलेला नाही," मी म्हणालो.

"मग आम्ही बसलो की ऊन शिस्तीत कसं वागतं? दिवस कसले चाललेत तुम्हाला ठाऊक आहे. आणीबाणी आहे. माझा अहवाल शिक्षण खात्याकडेही जाईल. तुम्हाला होळीपर्यंतची मुदत देतो. कारण दाखवा, नाहीतर लेखी कबुली द्या."

जीप गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. नोकरीची भीती होतीच, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला हे लागलं होतं की, मी ज्या पोरांचे गुण कापले त्यांना उद्या कुणीतरी सांगेल, तुमचा मास्तरच आकडे घरी बनवत होता. द्वारका जवळ येऊन बसली. म्हणाली, "कबुली द्यायची नाही. घर डांबराचं झालं, पिठाला बुरशी आली, आता माघार घेतलीत तर मी माहेरी लासूरला जाईन." तिचं माहेर पैठणला आहे. लासूर माझं. म्हणजे ती माझ्याच आईकडे जाऊन माझी तक्रार करणार होती. मी ताठ उठून बसलो.

माघ लागला, लग्नं सुरू झाली आणि लेखणी पुन्हा नाचायला लागली. मला रजा मिळेना, कारण मुख्याध्यापकांच्या कानावर गोष्ट गेली होती आणि ते मला घरी, यंत्राजवळ, एकटं सोडायला तयार नव्हते. शेवटी रजा मिळाली ती भाचीच्या लग्नाची. लग्न आमच्याच घरातून निघालं. नवाबभाईंनी मास्टरसाबच्या घरचं कार्य म्हणून ताज्या कल्हईच्या पराती आणि देगा पाठवल्या, भाड्याचं नाव काढू दिलं नाही. लग्न झालं. दुसऱ्या दिवशी घरभर पाहुणे आडवेतिडवे झोपलेले, पाय ठेवायला जागा नाही, आणि माझे मेहुणे मला सूर्यावरून तिसऱ्यांदा तोच विनोद ऐकवायच्या बेतात. मी जीव घेऊन गच्चीवर पळालो.

भर दुपार होती. यंत्राजवळ उकिडवा बसलो तर माझ्या सदऱ्यावर एक पांढरा लख्ख कवडसा हलत होता. त्याच्या शेजारी दुसरा. घुमटावर तर उजेडाची नुसती गर्दी झाली होती. मी कवडशांच्या मागावर मान वर केली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

नवाबभाईंच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकवून, पराती उभ्या होत्या. खालपासून वरपर्यंत उतरंड रचावी तशा, घासून लख्ख केलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं माझ्या गच्चीकडे. त्यांच्या पत्नी, फहमिदाभाभी, पदर डोक्यावर घेऊन एकेक परात फडक्याने टिपून अजून लावतच होत्या. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी भांडी परत येतात, घासतात आणि उन्हात वाळवतात. रविवारी लग्नं, त्यामुळे भांडी मांडवात. सोमवारी भांडी गच्चीवर, आणि मी शाळेत परावर्तन शिकवायला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण झोपलेले सगळे पाहुणे वर धावत आले आणि डांबरात चिकटले.

नवाबभाई आले तेव्हा मी त्यांना धाप टाकत सगळं समजावलं. मला वाटलं, त्यांना राग येईल. त्यांनी एकदा वर आपल्या परातींकडे पाहून घेतलं. मग त्यांची छाती फुगली.

"म्हंजे मेरे बर्तनां सूरज कू बढाते?"

"वाढवत नाहीत. त्याचंच ऊन दुसऱ्यांदा पाठवतात. एकदा वरून येतं, एकदा तुमच्याकडून."

"एकीच बात हुई ना मास्टरसाब! मैं लोगां कू बोलताच था, मेरे कल्हई के सरीखी कल्हई पूरे मराठवाडे में नै. अब सरकार बी बोल रई!" आणि त्यांनी मान वर करून आपल्या गच्चीवर भाभींना हाक दिली, "अजी सुन्ते क्या!"

मी पुण्याला तार केली. साहेब होळीच्या आधी आले, यायचं नव्हतं अशा चेहऱ्याने. नवाबभाईंना मी एवढंच सांगितलं होतं की, नेहमीच्या पराती नेहमीसारख्या लावा. पण सरकार बघायला येणार म्हटल्यावर त्यांना धीर निघेना. त्यांनी सगळं गोदाम गच्चीवर चढवलं. पराती, ताटं, देगांची झाकणं, पाण्याची पिंपं, भाभींच्या माहेरचं चांदीचं पानदानसुद्धा. कल्हईवाला दोन दिवस त्यांच्या दारात बसून होता. बारा वाजून गेल्यावर त्यांनी वरून ताडपत्री ओढली.

खाली पेटीतली लेखणी सरळ वर गेली, कागदाची कड ओलांडून पेटीच्या बाजूला आपटली आणि तिचं टोक मोडलं. साहेब गच्चीवर होते. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि "बास, बास, पटलं!" असं ओरडत खाली बसले. नेमके माझ्या ओट्यावर. तात्यासाहेबांनी लगेच पंचनाम्याचा कागद पुढे केला, आणि साहेबांनी 'निरीक्षक निर्दोष' असं लिहून, न बघता सही केली. मला भरून आलं. गल्लीतली माणसं खाली टाळ्या वाजवत होती, आणि मी लाज न बाळगता चष्मा काढून डोळे पुसले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण साहेब चहाला थांबले.

"आता उपाय सोपा आहे," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "उसळीचे दिवस काढून टाका."

"त्या रकान्यांत 'निरीक्षण सदोष' असं लिहितो. रिकामे ठेवतो."

"छे! रिकामे रकाने वर चालत नाहीत. यंदा तर नाहीच. पुण्याचा आकडा घ्यायचा, थोडा वाढवायचा, कारण तुमच्याकडे ऊन जरा जास्त, आणि लिहून टाकायचा. रेघ छान गुळगुळीत येते."

"नवाबभाईंच्या पराती तिथेच वाळणार, तो त्यांचा धंदा आहे. मग यंत्र दुसऱ्या गच्चीवर हलवा."

"त्याला वरून मंजुरी लागेल. ती यायच्या आत योजना संपेल."

मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी बिघाड झाला आहे. ज्या माणसावर आकडे घरी बनवल्याचा संशय घेऊन त्याचे कागद उजेडात धरून पाहिले, त्यालाच आता आकडे घरी बनवायचा हुकूम होत होता. आणि तोही चांगल्या मनाने, चहा पिता पिता. मी उभा राहिलो.

"साहेब," मी म्हणालो, "चुकीचं ऊन होतं, पण ते पडलेलं होतं. मी न पडलेलं ऊन लिहिणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे खूप दमलेल्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणाले, "तुम्ही फार अवघड माणूस आहात, लासूरकर." स्वयंपाकघराच्या दारातून द्वारका म्हणाली, "ते आम्हाला ठाऊक आहे. बशी ठेवा इकडे." पुढच्या आठवड्यात दोन माणसं आली आणि यंत्र, पेटी, तार सगळं उचलून घेऊन गेली. ओटा राहिला, आणि पिठावरची गळती राहिली. मला यंत्र गेल्याचं वाईट वाटलं, पण मान ताठ होती. मुख्याध्यापकांनी पंचनामा वाचला आणि प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर माझा हात हातात घेतला.

पुढच्या वर्षी जिल्हा ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला गेलो होतो. टेबलावर मंडळाचा छापील अहवाल पडला होता. निळं कव्हर, गुळगुळीत कागद. मी सहज आमच्या शहराचं पान काढलं. बाराही महिन्यांचे आकडे होते, चैत्रापासून पुढचेसुद्धा, जेव्हा माझ्या गच्चीवर यंत्रच नव्हतं! कुठे उसळी नाही, कुठे खळगा नाही, रेघ अशी की जणू लोणी लावलंय. खाली लिहिलं होतं, 'राज्यातील सर्वांत विश्वासार्ह केंद्र'. आणि त्याच्या खाली, ठळक टायपात : 'निरीक्षक : श्री. बद्रीनाथ लासूरकर'.

मी पुण्याला लिहिलं. उत्तर आलं की, छापलेल्या मजकुरात बदल करता येत नाही, दुसरी आवृत्ती निघाल्यास विचार होईल, आणि आपल्या सहकार्याबद्दल मंडळ आभारी आहे. तात्यासाहेब म्हणाले, आता खुलासा मागायची पाळी तुमची. मी म्हटलं, खुलासा नको. अहवालाच्या प्रती कुठे कुठे गेल्या, तेवढं मला शोधून द्या. त्यांनी जुन्या ओळखी काढून शोधून दिलं. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक.

आपल्या ग्रंथालयातलं पहिलं काम मी त्याच दिवशी केलं. मग सुट्या धरून एसटीने निघालो. नवाबभाई बरोबर येतात. म्हणतात, मेरे बर्तनां का बी नाम नै उन्के किताब में, मैं क्यूं बैठूं घर में. ते दारात उभे राहून ग्रंथपालाशी कल्हईच्या गोष्टी काढतात, तोवर मी आत जाऊन पान काढतो, पट्टी लावतो आणि गडद शाईने एक रेघ मारतो. नांदेडला कुणी पाहिलं नाही. बीडला मात्र ग्रंथपालाने माझा हात धरला.

"अहो, सरकारी पुस्तकावर काय लिहिताय?" तो ओरडला.

"लिहीत नाही, खोडतोय. यातली एक चूक दुरुस्त करतोय."

"कुठली चूक?"

"माझं नाव," मी म्हणालो आणि शाई वाळायला पान खिडकीशी उन्हात धरलं. आता परभणी राहिली आहे. गाडी पहाटेची आहे, आणि द्वारकाने दशम्या बांधायला घेतल्या आहेत.